समपात्र अर्जदारांतून नागरिकत्वासाठी निवड

नागरिकत्व किती जणांना द्यायचे याची मर्यादा ठरलेली असते आणि सर्व अटी पुऱ्या करणारे अर्जदार त्याहून जास्त निघतात, तेव्हा त्यांतून निवड करण्याची रीत. इथे पात्रतेचा प्रश्न आधीच मिटलेला असतो, त्यामुळे ज्याला नकार मिळतो त्याचे काहीही चुकलेले नसते.

‘आधी येईल त्याला आधी’ हा सर्वांत सोपा नियम. पण कागदपत्रे लवकर जमवणे हे बरेचदा वकील परवडतो की नाही यावर ठरते. दुसरा मार्ग गुणांकनाचा. १९९० च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी (हाँगकाँग) कायद्याने ५०,००० कुटुंबप्रमुखांना नागरिकत्व देऊ केले आणि वय, अनुभव, शिक्षण, इंग्रजी यांना गुण ठेवले. मात्र निर्णयाची कारणे देण्यास अधिकारी बांधील नाहीत आणि अपीलही नाही, असे त्याच कायद्यात लिहिले होते. एखाद्या गुणाने मागे पडलेल्या माणसावर हा उघड अन्याय आहे.

स्वित्झर्लंडमधील एमेन गावात असा कोटा नव्हता, तरी तिथला अनुभव इथे फार मोलाचा आहे. मार्च २००० मध्ये गावकऱ्यांनी ५६ अर्जदारांवर गुप्त मतदान केले. मंजुरी मिळाली फक्त ८ जणांना, आणि ते सगळे इटालियन वंशाचे होते. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी मतदाने घटनाबाह्य ठरवली : नकाराला कारण द्यावे लागते, आणि मतपेटी कारण सांगू शकत नाही.

लात्वियाच्या संसदेने जून १९९४ मध्ये वार्षिक कोट्याचा कायदा केला, पण राष्ट्राध्यक्ष गुंटिस उल्मानिस यांनी तो परत पाठवला. जुलैमधील सुधारित कायद्यात कोट्याऐवजी वयोगटांनुसार टप्पे आले. आपली पाळी कधी येणार हे निदान प्रत्येकाला कळू लागले. १९९८ च्या सार्वमतानंतर तेही गेले.

अर्जदार खरोखरच समान असतील तर सोडत हाच त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग, कारण तिथे ओळख आणि वशिला चालत नाही. नियम अर्ज मागवण्यापूर्वी जाहीर हवेत, एका कुटुंबाची चिठ्ठी एकच हवी आणि ज्यांचे नाव निघाले नाही त्यांना पुढच्या वर्षी अग्रक्रम मिळायला हवा. कोणत्याच देशाचे नागरिक नसलेल्यांना मात्र सोडतीत ढकलू नये. राष्ट्रहीन व्यक्तींसंबंधीच्या १९५४ च्या कराराचे ३२ वे कलम त्यांचे नागरिकत्व शक्य तितके सुकर करण्याची जबाबदारी सदस्य देशांवर टाकते.