माशी, खाच आणि चाळिशी

मराठीत 'चाळिशी' हा एकच शब्द वयालाही आहे आणि चष्म्यालाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून किल्ल्याची तटबंदी मला आजही लख्ख दिसते. हातातलं वर्तमानपत्र मात्र चष्म्याशिवाय लागत नाही. त्यासाठी चष्मा आहे, तो लावला की काम भागतं. माझी खरी अडचण या दोहोंच्या मधल्या, डोळ्यापासून हातभर लांबच्या जागेची आहे. रायफलची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा बारीक खुंट, तिथे असते.

आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांनंतर परवाना होऊन माझ्याकडे आलेली आमची रायफल विंचेस्टर ९४ आहे, थर्टी-थर्टी काडतुसाची, वीस इंची नळीची. ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात परवाने पुष्कळ, पण बहुतेक घरांत ३१५ बोअर किंवा दुनाली. लिव्हरची रायफल क्वचितच दिसते. चापाभोवतीची कडी खाली ढकलायची, पुन्हा वर ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं. लहानपणी वडील नेम शिकवताना एकच वाक्य म्हणत, "माशी बघ, निशाण नको." पन्नाशीनंतर ते वाक्य पाळणं मला जमेना. पुठ्ठ्यावरचं काळं वर्तुळ स्वच्छ दिसे आणि माशीच्या जागी करड्या कापसाचा बोंडा. दुसरी रायफल घ्या, असं सुचवणारे भेटले. पण १९८०च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं ठेवता येतात. शिवाय घरची ही रायफल मला सोडायची नव्हती. म्हणून हा प्रश्न आधीच्या लोकांनी कसा सोडवला, ते शोधत गेलो.

मुळात उघड्या साइटने, म्हणजे मागच्या खाचेत पुढची माशी धरून, नेम धरणाऱ्या डोळ्याकडून आपण अशक्य गोष्ट मागतो. माझ्या रायफलवर मागची खाच डोळ्यापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर, माशी ७० सेंटिमीटरवर आणि निशाण पन्नास-शंभर मीटरवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. तरुण डोळा तिन्हींत इतक्या झटकन फिरतो, की तिन्ही एकदमच स्पष्ट आहेत असं वाटतं. हे फिरणं डोळ्यातल्या भिंगाच्या लवचिकपणावर चालतं. विसाव्या वर्षी ही ताकद सुमारे १० डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचं माप, चष्म्याचा नंबर असतो तेच) असते, चाळिशीत ५च्या आसपास येते आणि साठीत जेमतेम १ उरते. खाच स्पष्ट दिसायला जवळजवळ ३ डायॉप्टर लागतात, माशीला दीडच्या आत. म्हणून आधी खाच जाते आणि काही वर्षांनी माशी. निशाण शेवटपर्यंत राहतं. पुष्कळ जण खाच विरघळू लागली की हात थरथरतो असं समजतात आणि सराव वाढवतात. मीही दोन वर्षं तेच केलं.

डोळ्याचं हे गणित माणसाला उशिरा कळलं. क्रिस्टोफ शाइनर याने १६१९ साली पुठ्ठ्याला दोन बारीक छिद्रं पाडून त्यांतून सुई पाहिली आणि डोळा अंतरानुसार जुळवून घेतो हे दाखवलं. पण जुळवून घेतं कोण, बुबुळावरचा पारदर्शक पडदा, डोळ्याची लांबी की आतलं भिंग, यावर पुढची पावणेदोनशे वर्षं वाद चालला. १८०१ मध्ये टॉमस यंगने स्वतःच्या डोळ्यापुढे पाणी भरलेली नळी धरली. पाण्यामुळे बाहेरच्या पडद्याची वाकवण्याची शक्ती जवळपास नाहीशी होते. तरीही त्याचा डोळा जवळ-दूर जुळवून घेत राहिला, म्हणजे काम आतल्या भिंगाचं. स्वतःच्या डोळ्यावर असा प्रयोग करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. पुढे हेल्महोल्ट्झने १८५५मध्ये भिंगाचा आकार कसा बदलतो ते मांडलं, आणि डच वैद्य डॉन्डर्स यांनी १८६४च्या ग्रंथात वयाने लागणारी चाळिशी आणि जन्मजात दूरदृष्टीचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्कं केलं.

त्याच सुमारास अमेरिकेत लिव्हर रायफल जन्मत होती. बेंजामिन टायलर हेन्रीची रायफल १८६०ची. त्यानंतर पितळी धडाची (धड म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधला यंत्राचा भाग) विंचेस्टर १८६६, मग १८७३. जॉन ब्राउनिंगची रचना असलेली ९४ आली आणि ती सत्तर लाखांहून अधिक बनली. ही घोडेस्वाराची हत्यारं होती. खोगिराच्या म्यानातून ओढायची, जवळच्या अंतरावर झटपट झाडायची. म्हणून नळीवर दोन शिंगं वर वळलेली खाच आणि पुढे बारीक माशी, एवढंच. शिंगांची ही खाच वयस्क डोळ्याला सगळ्यांत वाईट, असं माझं ठाम मत आहे. ती निशाणाचा अर्धा भाग झाकते आणि तिचा तळ नेमका कुठे आहे तेच धूसर डोळ्याला कळत नाही. आपल्याकडे शिकारीला आलेल्या इंग्रजी एक्सप्रेस रायफलींवर उथळ, रुंद व्ही आकाराची खाच आणि माशीच्या जागी हस्तिदंती मणी असे. मचाणावरून संधिप्रकाशात नेम धरायला ते कितीतरी बरं.

या सगळ्यावरचा पहिला खरा उपाय कनेक्टिकटच्या विल्यम लायमनचा. १८७९ साली त्याने लिव्हर रायफलीच्या मानेवर, म्हणजे दस्ता जिथे धडाला मिळतो त्या पट्टीवर, उभी राहणारी एक छोटी दांडी बसवली आणि तिच्या टोकाला भोक असलेली चकती लावली. याच माणसाने वल्हवताना तोंड पुढच्या दिशेला राहील अशी वल्ह्यांची जोडणीही केली होती. आपण चाललो आहोत तिकडे नीट दिसलं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं असणार. भोकाच्या साइटचं तत्त्व असं. बारीक छिद्रातून आलेल्या किरणांचा पसारा कमी होतो, त्यामुळे जवळचं आणि दूरचं दोन्ही एकदम पुरेसं स्पष्ट होतं. छायाचित्रकार भिंगाचं तोंड लहान करून हेच साधतात. शिवाय भोकाकडे पाहावंच लागत नाही. डोळा आपोआप वर्तुळाच्या मध्यावर जातो, कारण उजेड तिथे सगळ्यांत जास्त असतो. तीन अंतरांपैकी एक त्यामुळे हिशेबातूनच गेलं आणि उरलेल्या दोन्हींची धूसरता कमी झाली. तसंच साइट नळीवरून मानेवर आल्यामुळे खाच आणि माशी यांतलं अंतर जवळपास दुपटीकडे जातं, म्हणून नेमातली चूकही लहान होते.

लिव्हर रायफल आणि अशक्त डोळे यांच्या इतिहासात थिओडोर रूझवेल्ट यांचा उल्लेख हवाच. लहानपणापासून जाड चष्मा, त्यात राष्ट्राध्यक्ष असताना मुष्टियुद्धाच्या सरावात ठोसा लागून डावा डोळा जवळजवळ गेलेला. तरी १९०९ साली, वयाच्या पन्नाशीत, ते आफ्रिकेच्या शिकारीवर विंचेस्टर १८९५ घेऊन गेले.

दुर्बीण त्या काळातही होती. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम माल्कमने १८५५पासून नळीइतक्याच लांबीच्या रायफल-दुर्बिणी बनवल्या. सामान्य माणसाला परवडेल अशी दुर्बीण १९३०मध्ये विल्यम वीव्हरने आणली, १९ डॉलरला. दुर्बिणीचा गुण मोठा आहे. तिच्यात रेषांची फुली आणि निशाण एकाच पातळीवर येतात, म्हणून डोळ्याला एकच अंतर सांभाळावं लागतं. मागचं भिंग फिरवून ते आपल्या नंबराला जुळवताही येतं. मग लिव्हर रायफलीवर ती सर्रास का चढली नाही?

कारण रायफलीच्या रचनेत आहे. विंचेस्टर ९४ रिकामं काडतूस सरळ वर उडवते. धडाच्या वर दुर्बीण बसवली की काडतूस तिलाच आपटतं. म्हणून लोकांनी ती डाव्या बाजूला सरकवून लावली. तसं केलं की गाल दस्त्यावर टेकत नाही, मान वाकडी होते आणि नेमाची रेघ नळीपासून बाजूला जाते. मार्लिनने १८८९च्या नमुन्यातच वरचा भाग बंद ठेवून काडतूस बाजूने काढलं होतं. त्यामुळे पुढे १९४८ साली आलेल्या मार्लिन ३३६वर दुर्बीण सरळ बसते. सॅव्हेजने तर बाहेरचा घोडाच काढून टाकला आणि १८९९च्या नमुन्यात फिरती गोल काडतूसपेटी दिली. विंचेस्टरने काडतूस तिरकं बाहेर काढायची सोय १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केली, म्हणजे जवळपास नव्वद वर्षांनी. माझी रायफल त्याआधीची.

बाजूने काडतूस काढणारी रायफल असली तरी दोन अडचणी राहतात. दस्ता खाली उतरता असतो, कारण तो खालच्या साइटसाठी घडवलेला आहे. दुर्बीण दीड-दोन इंच वर गेली की गाल हवेत तरंगतो. त्यावर चामड्याची उशी बांधायची, हा स्वस्त आणि चांगला मार्ग. दुसरी अडचण घोड्याची. दुर्बिणीखाली अंगठा शिरत नाही, म्हणून घोड्याला बाजूने एक छोटी काडी जोडावी लागते. ती न जोडता भरलेल्या रायफलीचा घोडा अंगठ्याने हळू खाली सोडायला जाणं जिवावर बेतू शकतं.

आणि मोठी दुर्बीण या रायफलीला लागतही नाही. नळीखालच्या नळकांडी काडतूसपेटीत एका काडतुसाचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं. टोकदार गोळी चालत नाही, सपाट नाकाची लागते, आणि सपाट नाकाची गोळी वेग लवकर गमावते. थर्टी-थर्टीचं उपयुक्त अंतर दीडशे मीटरच्या आसपास. तिथे अडीच पट, फार तर एक ते चार पट पुरे. नऊ पटीच्या जड दुर्बिणीने लिव्हर रायफलीचं हलकेपण, हातात खेळणं, सगळं जातं. मला ते पाहवत नाही.

वर काडतूस उडवणाऱ्या रायफलींना वाट मिळाली ती अमेरिकन नेमबाजी-शिक्षक जेफ कूपर यांच्या विचारातून. १९८०च्या दशकात त्यांनी स्काउट रायफलीची कल्पना मांडली. तिच्यात कमी शक्तीची दुर्बीण धडावर न ठेवता पुढे नळीवर बसवतात आणि डोळा तिच्यापासून वीतभराहून लांब राहतो. काडतूस उडायला जागा मोकळी राहते. नळीवरच्या याच जागी आता लाल ठिपक्याची साइट बसते. तिचं मूळ डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या १९०० सालच्या परावर्तक साइटमध्ये. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५मध्ये विजेवरची साइट बाजारात आणली. ठिपका दूरवर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे नजर निशाणावरच ठेवायची. वडिलांच्या वाक्याच्या अगदी उलट. साठीच्या डोळ्याला हा मोठा दिलासा आहे. मात्र ज्यांच्या डोळ्यात सिलिंडरचा नंबर आहे त्यांना ठिपका गोल न दिसता फुटलेला किंवा शेपटीवाला दिसतो. दोष साइटचा की डोळ्याचा हे तपासायचं असेल, तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून ठिपका पाहावा. गोल झाला तर दोष डोळ्याचा.

भोकाच्या साइटलाही मर्यादा आहे, ती उजेडाची. वयाबरोबर बाहुली लहान होते. तरुणपणी अंधारात ती ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, सत्तरीत ५च्या आसपासच थांबते. लहान झालेली बाहुली आणि पिवळट होत गेलेलं भिंग यांमुळे साठीत डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीच्या सुमारे एक तृतीयांश राहतो. अशा डोळ्यापुढे बारीक भोक धरलं की संध्याकाळी काहीच दिसत नाही. म्हणून चकती काढून सुमारे ५ मिलिमीटरचं मोठं भोक वापरतात. स्पष्टता थोडी घटते, पण उजेड येतो. शिकारीचा प्रश्न आपल्याकडे १९७२च्या कायद्यापासून उरलेला नाही. शिवपुरीच्या ज्या जंगलात शिंदे सरकारांचे हाकारे उठत, तिथल्या माधव राष्ट्रीय उद्यानात २०२३मध्ये वाघ पुन्हा सोडले गेले. मी रायफल चालवतो ती परवानगीच्या रेंजवर, दुपारच्या लख्ख उन्हात. तिथे बारीक भोकच उत्तम.

मी शेवटी लायमनच्या पद्धतीची मानेवरची साइट निवडली. एक कारण असं, की जुन्या विंचेस्टरच्या मानेवर तिच्यासाठी कारखान्यातूनच आटे पाडलेली भोकं असतात आणि त्यांत नुसते स्क्रू भरून ठेवलेले असतात. माझ्या रायफलीवरही ती निघाली. आजोबांच्या रायफलीच्या धडाला नवं भोक पाडायची वेळ आली नाही, याचं समाधान मोठं आहे. जोडणी परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घेतली. अंगठा मानेवरून पलीकडे नेण्याची सवय तेवढी बदलावी लागली, आता तो उजव्या बाजूला ठेवतो.

चष्म्याचं काम मात्र आधी करायला हवं होतं. एका चष्म्याच्या दुकानात मला प्रोग्रेसिव्ह काच, म्हणजे वरून खाली नंबर बदलत जाणारी, दिली गेली. तिच्यात माशी दिसण्यासाठी हनुवटी इतकी वर करावी लागे की गाल दस्त्यावरून सुटायचा. नेमासाठी एकाच नंबराची काच लागते. लांबच्या नंबरात थोडी अधिक शक्ती मिळवायची, म्हणजे नजर माशी आणि निशाण यांच्या मधोमध स्थिरावते आणि भोक उरलेलं काम करतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवातही निघाली. हे आधी कळतं तर साइटला दोष देण्यात दोन वर्षं गेली नसती.

रायफल दवाखान्यात नेता येत नाही. म्हणून घरी ती खांद्याला लावली, मुलाला डोळ्यापासून माशीपर्यंत दोरी धरायला सांगितलं आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. डॉक्टरांनी दोरी टेबलावर सरळ करून पट्टीने मोजली, ७१ सेंटिमीटर भरली. लांबच्या नंबरावर त्यांनी पाऊण डायॉप्टर वाढवून दिला, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी आत बसवायचं भिंग ठरवताना ती दोरी पुन्हा घेऊन यायला सांगितलं आहे.