काळ्या गाडीवरची ‘जाळी’ आणि मेणाचा गैरसमज

गडद रंगाच्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक रेघा मेण चोळले की कायमच्या जातात, हा पुण्यात वर्षानुवर्षे ऐकू येणारा समज चुकीचा आहे. या रेघा मूळ रंगात नसून त्यावरच्या साधारण 40 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या पारदर्शक थरात असतात. मेण त्या फक्त बुजवते आणि काही धुण्यांनंतर त्या पुन्हा उघड्या पडतात. त्या गोल असतात हेही खरे नाही, कारण सर्व दिशांना गेलेल्या रेघांपैकी प्रकाशबिंदूभोवती आडव्या येणाऱ्याच तेवढ्या चमकतात आणि वर्तुळाचा भास होतो. (पांढऱ्या गाडीवरही त्या असतात, फक्त दिसत नाहीत.)

खरे कारण बहुधा सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी फिरणारे कोरडे फडके हेच असते, कारण धुळीतले वाळूचे कण त्या थरापेक्षा कठीण असतात. घासणाऱ्या पॉलिशने थराचा वरचा काही मायक्रॉन भाग काढला तरच रेघा जातात; मात्र तो थर पुन्हा वाढत नाही, त्यामुळे दर दिवाळीला हा उपाय करणे माझ्या मते अविचाराचे आहे. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी आणि मगच मऊ मायक्रोफायबरच्या (अतिबारीक धाग्यांच्या) कापडाने हात लावावा.