प्लेटचे छिद्र आणि स्टोमाभोवतीची त्वचा : पार्श्वभूमी

नाशिकमध्ये शस्त्रक्रिया होऊन सुरगाणा, पेठ, कळवण किंवा निफाडकडे घरी परतलेल्या स्टोमाच्या (मळ किंवा लघवी बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या तोंडाच्या) रुग्णांमध्ये पिशवी गळणे आणि कातडी सोलवटणे या तक्रारी सहसा एकत्रच आढळतात. दोष पिशवीच्या दर्जाला किंवा ‘नाजूक’ कातडीला दिला जातो. प्रत्यक्षात पिशवी ज्यावर बसते त्या, स्टोमाभोवती कातडीला लावायच्या चिकट प्लेटला पाडलेले छिद्र किती मोठे असावे, हा प्रश्न अधिक निर्णायक असून त्याचे उत्तर काळानुसार बदलत आले आहे.

आतडे पोटावर उघडण्याच्या शस्त्रक्रिया अठराव्या शतकापासून होत आहेत; १७९३ मध्ये फ्रान्समध्ये एका नवजात बालकावर केलेली अशी शस्त्रक्रिया यशस्वी ठरली होती. मात्र त्वचेचा विचार खऱ्या अर्थाने १९५० च्या दशकात सुरू झाला. तोपर्यंत इलिओस्टॉमीचे (लहान आतड्यापासून केलेल्या स्टोमाचे) तोंड बहुधा आहे तसेच बाहेर ठेवले जाई, त्याचा उघडा पृष्ठभाग सुजत असे आणि रबरी पिशवी डिंकासारख्या द्रावणाने पोटावर चिकटवावी लागे. १९५२ मध्ये एका ब्रिटिश शल्यचिकित्सकाने आतड्याचे टोक सदऱ्याच्या बाहीसारखे उलटे दुमडून त्वचेला शिवण्याची पद्धत मांडली. थोडे वर आलेल्या या तोंडातून मळ थेट पिशवीत पडू लागला. १९५४ मध्ये एका डॅनिश परिचारिकेने, स्टोमा असलेल्या आपल्या बहिणीची घराबाहेर पडण्याची भीती पाहून, चिकटणाऱ्या व वापरून टाकून देता येणाऱ्या प्लास्टिक पिशवीची कल्पना मांडली.

त्याच दशकात अमेरिकेत कराया डिंक वापरात आला. हा डिंक ज्या कांडोळाच्या झाडाचा, ते आपल्याकडच्या कोरड्या पानझडी जंगलांतले, आणि जगाला त्याचा पुरवठाही दीर्घकाळ मुख्यतः भारतातूनच झाला. या इतिहासात या गोष्टीची दखल फारशी घेतली जात नाही, याची खंत वाटते. कराया ओलावा शोषून मऊ होतो, त्यामुळे त्याची चकती स्टोमाला अगदी खेटून बसवता येत असे. मात्र लघवीने आणि पातळ मळाने तो लवकर विरघळे, उन्हाळ्यात तर वितळेच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जिलेटिन, पेक्टिन आणि सेल्युलोज यांच्या मिश्रणाच्या प्लेट आल्या. त्या जास्त टिकतात, पण त्यांना छिद्र कात्रीने पाडावे लागते, आणि वाद सुरू होतो तो इथेच.

मोठे छिद्र ठेवण्याच्या बाजूने सबळ कारण आहे. स्टोमाच्या पृष्ठभागाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे प्लेटच्या कडेने जखम झाली तरी ती रुग्णाला कळत नाही; शिवाय आतड्याच्या हालचालीनुसार स्टोमाचा आकार कमीजास्त होत राहतो. म्हणून छिद्र स्टोमापेक्षा सुमारे २ ते ३ मिलिमीटर मोठे ठेवण्याचा सल्ला रूढ झाला. घट्ट मळ येणाऱ्या कोलोस्टॉमीत (मोठ्या आतड्यापासून केलेल्या स्टोमात) एवढी फट सहसा निभावते. इलिओस्टॉमीच्या मळात मात्र प्रथिने पचवणारे स्राव असतात आणि उघड्या राहिलेल्या कातडीवर ते काही तासांतच परिणाम करतात. म्हणून तिथे ३ मिलिमीटर ही कमाल मर्यादा मानावी आणि उरलेली फट पेस्टने किंवा मऊ रिंगने झाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पेस्टमध्ये बहुधा अल्कोहोल असते आणि ते सोललेल्या कातडीला झोंबते; अशा वेळी रिंगच बरी. कात्रीऐवजी बोटांनी आकार देता येणाऱ्या प्लेट अलीकडे मिळू लागल्या आहेत, त्यांत फट ठेवावीच लागत नाही.

वादापेक्षा मोठे नुकसान जुन्या मापाने होते. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते. वॉर्डात कापून दिलेला कागदी नमुना घरी नेऊन महिनोन्‌महिने त्याच मापाने प्लेट कापली, तर सुरुवातीची योग्य फट पुढे बोटभर रुंद होऊ शकते. त्या काळात माप दर आठवड्याला नव्याने घ्यावे, आणि तेही बसून तसेच उभे राहून पाहावे, कारण पोटाच्या घड्या स्थितीनुसार बदलतात. द्राक्षबागेत उकिडवे बसून काम करणाऱ्या किंवा परकराची नाडी कमरेवर घट्ट बांधणाऱ्या बाईच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला बसवून, उभे करून ठरवावी, अशी शिफारस अमेरिकेतील शल्यचिकित्सक आणि परिचारिकांच्या संघटनांनी २००७ मध्ये संयुक्तपणे केली. तातडीच्या शस्त्रक्रियेत ते अनेकदा शक्य होत नाही.

कातडीच्या देखभालीत साहित्य वाढले तसे सल्ले कमी होत गेले, ही चांगली बाब आहे. कोमट पाण्याने धुऊन कातडी पूर्ण कोरडी करणे पुरेसे असते. खोबरेल तेल, साय किंवा जंतुनाशक द्रावण लावल्यास प्लेट चिकटत नाही अथवा आग होते. कातडी ओली पाझरत असेल तर स्टोमा पावडर शिंपडून जादा झटकावी. पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करावी, कारण तिच्या वजनाने प्लेट खाली ओढली जाते. एप्रिल-मे महिन्यांतल्या घामाने प्लेट एरवीपेक्षा लवकर सुटते. पैसे वाचवण्यासाठी कड सुटलेली प्लेट वरून चिकटपट्टी लावून आणखी दोन दिवस चालवण्याची सवय या काळात सर्वाधिक महागात पडते.