कुस्तीतली बरोबरी: चेंडूची पिशवी ते शेवटचा गुण

खानदेशात यात्रेत आम दंगल, म्हणजे सगळ्यांना खुल्या कुस्त्या, भरते. रेवड्यांच्या, म्हणजे लहान पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात, शेवटी मोठ्या इनामाची जोड. निकाल म्हणजे चितपट. ठरल्या वेळात कोणी पडला नाही तर पंच दोघांचे हात वर करून कुस्ती ‘बरोबरीत सोडवतात’ आणि इनाम निम्मे-निम्मे होते. नाहीतर ‘गुणांवर लावतात’, म्हणजे पहिला गुण घेईल तो विजयी. इथली पोरं मॅटवर, म्हणजे ऑलिम्पिकच्या नियमांनी गादीवर खेळायला गेली की घोळ होतो तो यातच. मॅटवर बरोबरी सुटतच नाही, आणि गुण समान झाले तर पहिल्या गुणाला काही किंमत नसते.

पूर्वी तिथेही सुटायची. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये एक अंतिम लढत नऊ तास चालूनही निकाल लागला नाही. दोघांना रौप्य दिले, सुवर्ण कोणालाच नाही.

सगळ्यात वादाचा ठरला तो २००५ नंतरचा चेंडू. तेव्हा दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो विजयी. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पाय धरता येतात त्या प्रकारात, फेरी ०-० राहिली की पंच पिशवीतून लाल किंवा निळा चेंडू काढत. ज्याचा रंग निघेल त्याच्या हातात प्रतिस्पर्ध्याचा एक पाय आयता द्यायचा आणि ३० सेकंद. गुण घेतला तर फेरी त्याची, नाही घेतला तर समोरच्याची. पाय धरून सुरुवात करणाराच बहुतेक वेळा जिंके. मग दोन मिनिटं नुसतं मानेवर हात टाकून ढकलाढकली करायची आणि नशिबावर सोडायचं, हाच डाव झाला. वर्षभर बैठका मारायच्या आणि निकाल पिशवीतून काढायचा, याला कुस्ती म्हणणं कठीणच.

फेब्रुवारी २०१३मध्ये ऑलिम्पिकमधून कुस्ती वगळण्याची शिफारस झाली आणि काही महिन्यांतच नियम बदलले. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, गुणांची एकत्र बेरीज. फ्रीस्टाइलमध्ये सुस्त मल्लाला ३० सेकंदांचं घड्याळ लागतं. तेवढ्यात कोणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण. त्यामुळे ०-० उरतच नाही.

गुण समान झाले तर आधी मोठ्या किमतीचा, म्हणजे एका फटक्यात जास्त गुणांचा डाव बघतात, मग कमी ताकिदी, मग शेवटचा गुण, याच क्रमाने. २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६५ किलोचा भारतीय मल्ल ९-९ वर हरला, कारण समोरच्याकडे चार गुणांचा डाव होता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तोच मल्ल ३-३ वर दोन गुणांच्या डावामुळे जिंकला. १-१ असेल तर शेवटचा गुण ज्याचा तो पुढे, मागच्याला हल्ला करावाच लागतो. पुढच्याने मात्र पळू नये: पकड टाळून पळाला तर ताकीद आणि समोरच्याला एक गुण, म्हणजे हातची कुस्ती गेली.