योक मागे ओढला की विमान वर जातं का?
पहिल्या सॉर्टीआधी (सरावाच्या उड्डाणाआधी) वाचायचं माहितीपत्रक

ग्राउंड क्लास किंवा सिम्युलेटरसाठी आमच्याकडे नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला हे पत्रक दिलं जातं. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) टेक्निकल जनरलच्या पेपरची तयारी वर्गात होतेच. कॉकपिटमध्ये बसल्यावर हातापायांना जे कळायला हवं, तेवढंच इथे लिहिलं आहे. आकडे सेस्ना १७२ एस या छोट्या विमानाच्या मॉडेलचे, पूर्ण वजनाचे आहेत. १७२ची मॉडेलं बरीच आहेत, त्यामुळे तुमच्या विमानाच्या हँडबुकात वेगळा आकडा दिसला तर हँडबुकातलाच खरा धरा.

आता शीर्षकातला प्रश्न. योक, म्हणजे वैमानिकासमोरचं हँडल, मागे घेतला की विमान वर जातं, पण थोडाच वेळ. सतत वर चढायचं तर इंजिनाची जादा ताकद लागते. योक खरं तर पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन ठरवतो. या कोनाला आपण अँगल ऑफ अटॅक म्हणतो. पतंगाची कन्नी बांधताना गाठ जराशी वर-खाली सरकवली की तोच पतंग त्याच वाऱ्यात वेगळा वागतो, कारण त्याचा वाऱ्याशी असलेला कोन बदललेला असतो. विमानात ही गाठ तुमच्या डाव्या हातात असते.

लिफ्ट (पंखाचा वर उचलणारा जोर) कुठून येते

पंखाच्या वरची हवा लांबची वाट चालते आणि खालच्या हवेला मागच्या कडेला गाठायचं म्हणून वेगाने पळते, असं शाळेत ऐकलं असेल तर ते विसरा. वरची हवा वेगाने जाते हे खरं, पण तिला कोणालाही गाठायचं नसतं. प्रत्यक्षात ती खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोहोचते. पंख हवेला खाली वळवतो. वळवताना त्याच्या वरच्या बाजूला दाब कमी होतो आणि खालच्या बाजूला वाढतो. दाबातला फरक आणि खाली ढकललेली हवा या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, त्यावरून भांडणात वेळ घालवू नका.

१७२ एसचं कमाल वजन ११५७ किलो आणि पंखांचं क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ७१ किलोचा भार. तो उचलायला वैमानिकाच्या हाती दोनच गोष्टी असतात: वेग आणि कोन. कोन तोच ठेवून वेग दुप्पट केला तर लिफ्ट चौपट होते. म्हणून वेगात उडताना नाक क्षितिजाच्या जवळ असतं, आणि वेग कमी करत गेलात की उंची टिकवायला योक मागे मागे घ्यावा लागतो.

हे मागे घेणं कुठवर चालतं? कोन साधारण १५-१६ अंशांवर गेला की वरची हवा पंखाला धरून वाहू शकत नाही. ती सुटते, लिफ्ट कोसळते आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढतो. हाच स्टॉल. गाडी बंद पडते तसं इथे इंजिन बंद पडलेलं नसतं. पालकांनी याची खास नोंद घ्यावी, कारण घरी 'आज स्टॉल केले' ऐकल्यावर काहींच्या पोटात गोळा येतो.

स्टॉल कोनामुळे होतो

एअरस्पीड इंडिकेटरवर, म्हणजे वेग दाखवणाऱ्या तबकडीवर, हिरवा पट्टा ४८ नॉटला (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) सुरू होतो. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) वर असताना, सरळ उडताना, ४८ला स्टॉल. विद्यार्थी हा आकडा पाठ करतात आणि ४८च्या वर आपण सुरक्षित, असं धरून चालतात. आमच्या मते यापेक्षा घातक गैरसमज दुसरा नाही. विमान ६० अंश कलवून उंची राखत वळलात तर पंखांना दुप्पट वजन पेलावं लागतं आणि स्टॉल ६८ नॉटलाच होतो. ४५ अंशांना ५७. उलट, योक पुढे सोडलेला असेल तर ४८च्या खालीही पंख स्टॉल होत नाही. काट्यावरचा वेग हा फक्त अंदाज आहे, खरी मर्यादा कोनाची.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं एअरबस ए३३० अटलांटिकवर कोसळलं आणि २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ अडकल्याने आकडे चुकीचे दिसू लागले, ऑटोपायलट सुटला आणि त्यानंतर नियंत्रण बराच वेळ मागे ओढलेलं राहिलं. विमान सुमारे ३८,००० फुटांवरून खाली येत असताना नाक मात्र वर होतं आणि कोन ३५ अंशांच्या पुढे. इंजिनं चालू होती. एवढं मोठं विमानही याच नियमाने पडतं.

१७२मध्ये स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी भोंगा वाजतो. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला छोटं छिद्र असतं. उड्डाणाआधीच्या तपासणीत काही जण त्यावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढतात आणि भोंगा वाजतो का पाहतात. दिसायला विचित्र, पण पद्धत बरोबर आहे. भोंगा वाजला की आधी योक पुढे, मग थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा नॉब). उंची नंतर परत मिळवता येते.

हात, पाय आणि ट्रिम

योक डावीकडे फिरवला की डावं एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची हलणारी पट्टी) वर जातं, उजवं खाली. उजव्या पंखाची लिफ्ट वाढते आणि विमान डावीकडे कलतं. पण लिफ्ट वाढली की ड्रॅगही वाढतो, त्यामुळे नाक सुरुवातीला उजवीकडे ओढलं जातं. ते सरळ ठेवायला डावा पाय, म्हणजे रडरचं (शेपटीवरच्या उभ्या हलणाऱ्या पट्टीचं) डावं पेडल. रडर विमान वळवण्यासाठी असतो असं बहुतेकांना वाटतं. वळवतो तो कललेला पंख. रडर नाक जागेवर ठेवतो. समोरच्या काचेसारख्या नळीतली गोळी मध्यभागी आहे का बघा, जिकडे सरकली असेल त्या बाजूचा पाय दाबा. टेकऑफला पूर्ण ताकद दिल्यावर विमान डावीकडे जायला बघतं, तेव्हा उजवा पाय हवा. 'राइट रडर' हे दोन शब्द तुम्ही इन्स्ट्रक्टरकडून इतके ऐकाल की झोपेतही ऐकू येतील.

ट्रिमचं चाक नाक वर-खाली करण्यासाठी वापरू नका. आधी योकने हवी ती स्थिती पकडा, मग हाताला जाणवणारा जोर संपेपर्यंत चाक फिरवा. खाली फिरवलं की नाक वर जायला मदत. योक घट्ट पकडणाऱ्याला ट्रिम बिघडल्याचं कळतच नाही, म्हणून दोन-तीन बोटांनी धरा.

फ्लॅपमुळे कमी वेगात जास्त लिफ्ट मिळते आणि ड्रॅगही वाढतो. पूर्ण ३० अंशांवर स्टॉल ४० नॉटला येतो. बाकी वर्गात.

बेसवरून फायनलला वळताना

नीट वाचावा असा भाग हा. बेस म्हणजे उतरण्याआधीचा धावपट्टीला काटकोनातला टप्पा, फायनल म्हणजे तिच्या सरळ रेषेतला शेवटचा. मागून वारा असल्याने तुम्ही धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेलात. जास्त कलायची भीती वाटते, म्हणून आतल्या बाजूचा रडर दाबून नाक ओढायचा मोह होतो. नाक खाली जातं, तुम्ही योक मागे घेता. कल वाढतो, तो थांबवायला एलेरॉन उलट देता. आता कोन मोठा आहे आणि विमान आडवं घसरत आहे. आतला पंख आधी स्टॉल झाला तर स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली पडणं, सुरू होतो, आणि खाली उंची असते जेमतेम ५०० फूट. सावरायला ती पुरत नाही. रेषा चुकली तर थ्रॉटल पुढे करून गो-अराउंड घ्या, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढा. त्यासाठी कुणी गुण कापत नाही, आणि कापले तरी चालतील.

उन्हाळ्यातली दुपार

पुण्याच्या आसपासचं पठार साधारण २००० फुटांवर आहे. प्रमाण हवामानात (गणितासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत) तिथे ११ अंश सेल्सिअस धरतात. एप्रिलमध्ये पारा ४०ला गेला की हवा जणू ५५०० फुटांवरची असावी इतकी विरळ होते. काट्यावरचा स्टॉलचा आकडा तोच राहतो, पण जमिनीवरून खरा वेग जास्त लागतो, धाव लांबते आणि चढण मंदावते. म्हणून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या सॉर्टी पहाटे लावतात. याउलट पहिल्या सोलोला इन्स्ट्रक्टर उतरलेला असतो, वजन कमी होतं, विमान लवकर जमीन सोडतं आणि भराभर चढतं. ते अपेक्षित आहे, गोंधळू नका.

सिम्युलेटरवर पहिल्या दिवशी आम्ही फक्त दोन गोष्टी करून घेतो: ४५ अंशांच्या वळणातला स्टॉल आणि चुकलेल्या फायनलवरून गो-अराउंड. सिम्युलेटरमध्ये अंगावर भार येत नाही, त्यामुळे खऱ्या स्टॉलचा सराव इन्स्ट्रक्टरसोबत, पुरेशा उंचीवरच. येताना तुमच्या विमानाच्या हँडबुकातल्या स्टॉलच्या तक्त्याची प्रत आणा, आणि पातळ तळाचे बूट घाला. जाड तळातून रडरचा जोर पायाला कळत नाही.