खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : दुर्लक्षित टाकीचे पुनरुज्जीवन व निगा

हॉटेल, दवाखाना, बँक किंवा कंपनीच्या स्वागतकक्षात शोभेसाठी मांडलेली, पण अनेक महिने नीट निगा न राखलेली सागरी माशांची टाकी पुन्हा स्थिर अवस्थेत आणण्याचे व पुढे तशीच राखण्याचे काम. शहरांत हे काम बहुधा वार्षिक देखभाल कराराने, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘एएमसी’ने दिले जाते. कामाचा सगळा भर सावकाशीवर असतो. हिरवी पडलेली काच पाहून ग्राहकाला दोन दिवसांत चकचकीत टाकी हवी असते. पण अशा टाकीतले मासे घाणीने मरतात त्याहून अधिक घाईच्या सफाईने मरतात.

पुढील आकडे ६ × २ × २ फुटांच्या टाकीला धरून दिले आहेत. तिची पूर्ण क्षमता सुमारे ६८० लिटर भरते. खडक, वाळू व वरची मोकळी जागा वजा करून आणि खालच्या सम्पमधले (गाळणी व पंप ठेवलेल्या खालच्या टाकीतले) पाणी मिळवून फिरते पाणी साधारण ६५० ते ६७० लिटर असते. काच, खडक व स्टँड धरून वजन एक टनाच्या आसपास जाते, त्यामुळे अशी टाकी जागची हलवून दुरुस्त करण्याचा विचार सहसा करू नये.

टाकी बिघडते कशी

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजून अमोनिया सुटतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. या क्रियेत आम्ल तयार होते व ते पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खाते. नायट्रेट ५० पीपीएमने (लिटरला ५० मिलिग्रॅमने) वाढले की क्षारता सुमारे २.३ डीकेएचने (डीकेएच हे क्षारतेचे एकक) घटते. पाणी बदललेच नाही तर क्षारता ८ वरून ३–४ डीकेएचवर येते आणि ८.२ असायला हवा तो पीएच ७.५ च्या खाली उतरतो. इतक्या कमी पीएचला जिवाणूंचे काम मंदावते व अमोनिया साचू लागतो. तरी मासे जगतात, कारण पीएच ७.४ असताना अमोनियाचा जेमतेम एक टक्का भाग विषारी रूपात असतो, बाकीचा अमोनियम म्हणून निरुपद्रवी राहतो. पीएच ८.२ झाला की तोच विषारी भाग सहापटीच्या आसपास वाढतो. अशा टाकीत एका दिवशी अर्धे पाणी ताजे घातले, तर पीएच वर जातो आणि संध्याकाळपर्यंत मासे धापा टाकत पृष्ठभागाशी येतात. ताज्या पाण्यात दोष नसतो. जुन्या पाण्यातल्या अमोनियाला ते विषारी करते.

जुने मासे तगून राहतात आणि नवे आणलेले दोन-तीन दिवसांत मरतात, ही या अवस्थेची ठळक खूण आहे. ग्राहक दुकानदाराला दोष देतो, पण जुने मासे हळूहळू त्या पाण्याला सरावलेले असतात आणि नव्यांना ते एकदम सोसावे लागते.

दुसरा बिघाड क्षारतेत नव्हे, खारटपणात होतो. वातानुकूलित दालनात या मापाच्या टाकीतून रोज ६ ते १० लिटर पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. पातळी उतरली म्हणून कोणी मिठाचे पाणी भरत राहिले, की खारटपणा ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) ४० च्या पुढे जातो. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्यानेच करायची, ही साधी गोष्ट हाउसकीपिंगच्या माणसाला कोणी सांगितलेली नसते.

पहिली भेट

पहिल्या भेटीत मोजायचे, पाहायचे आणि लिहून घ्यायचे. टाकीत हात घालायचा नाही. खारटपणा, तापमान, पीएच, क्षारता, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व फॉस्फेट तपासावेत. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर लावून घ्यावा. निव्वळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेले उपकरण ३५ च्या आसपास फसवू शकते. नायट्रेटचा रंग तक्त्याच्या शेवटच्या पट्टीपलीकडे गेला, तर टाकीच्या एका भाग पाण्यात चार भाग आरओ (क्षार गाळून काढलेले) पाणी मिसळून पुन्हा तपासावे व उत्तराला पाचाने गुणावे. माशांची गणती, श्वासाचा वेग, अंगावरचे पांढरे ठिपके, सांध्यांच्या सिलिकॉनची अवस्था, सम्पमधला गाळ यांची छायाचित्रे घ्यावीत. त्याहून महत्त्वाचे प्रश्न टाकीबाहेरचे असतात : खाद्य कोण कोण घालते, दिवे किती तास चालू राहतात, शनिवारी संध्याकाळी एसी बंद होतो का, आणि यापूर्वी माशांवर तांब्याचे औषध वापरले होते का.

या शेवटच्या प्रश्नावर बरेच ठरते. तांबे खडकात व वाळूत शोषले जाते आणि पुढे झिरपत राहते. अशा टाकीत कोळंबी, खेकडे, शंख टिकत नाहीत. सिलिकॉन सुटलेले असेल किंवा तांब्याचा इतिहास असूनही ग्राहकाला हे प्राणी हवेच असतील, तर डागडुजीत वेळ न घालवता मासे दुसरीकडे ठेवून टाकी नव्याने उभारणे स्वस्त पडते.

पाणी ताळ्यावर आणणे

प्रथम खारटपणा. ४२ पीपीटी मोजला असेल, तर ६७० लिटरमधून सुमारे १६ लिटर काढून तेवढेच आरओ पाणी घातल्यास तो एका पीपीटीने उतरतो. दिवसाला एक पीपीटी हा बेताचा वेग. खारटपणा उतरण्यापेक्षा चढणे माशांना जड जाते. म्हणून कमी असेल तेव्हा आणखी सावकाश जावे.

क्षारता वाढवण्यासाठी खाण्याचा सोडा पुरतो. १०० लिटरमागे ३ ग्रॅम सोड्याने ती सुमारे १ डीकेएच वाढते, म्हणजे या टाकीला एका वेळी २० ग्रॅम. तो बादलीभर आरओ पाण्यात विरघळवून सम्पमध्ये हळूहळू सोडावा, आणि दिवसात यापुढे जाऊ नये. खाण्याच्या सोड्याने पीएच एकदम उसळत नाही, म्हणून इथे तोच योग्य. धुण्याचा सोडा पीएच झटक्यात चढवतो. बेकिंग पावडर ही निराळी वस्तू आहे, ती घालू नये. अमोनिया दिसत असेल तर तो बांधून ठेवणारे कंडिशनर आधी घालावे.

मग पाणी बदल : दर दोन-तीन दिवसांनी १० टक्के, म्हणजे ६७ लिटर. लिटरला सुमारे ३७ ग्रॅम या हिशेबाने त्यात अडीच किलो सागरी मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही; त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम व इतर घटक जवळजवळ नसतात. मिश्रण पंप लावून रात्रभर फिरवावे व टाकीच्या तापमानाला आणून मगच घालावे. असे दहा बदल झाल्यावर मूळ पाण्याचा सुमारे ३५ टक्के अंश उरतो. १६० पीपीएम नायट्रेट साठाच्या खाली येते, तेही आत नवी भर पडली नाही तर. म्हणून या काळात खाद्य निम्म्यावर आणणे भाग असते.

पाणी कोठले, यावर दक्ष राहावे. टँकरचे किंवा बोअरचे पाणी कठीण असते, नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ऑफिसच्या पँट्रीतला घरगुती आरओ हाताशी असतो, पण त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) वाढवण्यासाठी कच्चे पाणी मिसळलेले असते आणि काही यंत्रांत तांब्याचे कार्ट्रिजही बसवलेले असते. पिण्यासाठी ते ठीक, टाकीसाठी घातक. उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिन जोडलेला वेगळा आरओ घ्यावा आणि टीडीएस मीटर शून्य दाखवत आहे याची खात्री करावी. मुंबईच्या किनाऱ्यालगतचे समुद्राचे पाणी सांडपाण्यामुळे व पावसाळ्यात खारटपणा उतरत असल्यामुळे वापरू नये.

वाळू, खडक, गाळणी

वाळूचा थर खोल असेल आणि काचेतून काळे पट्टे दिसत असतील, तर आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सडक्या अंड्याच्या वासाने तो ओळखू येतो. ती वाळू ढवळली तर वायू व अडकलेला गाळ एकदम पाण्यात येतो. आठवड्याला टाकीचा एक चतुर्थांश भागच घ्यावा आणि वाळू ढवळण्याऐवजी नळीने ओढून थेट बादलीत काढावी. सम्पमधल्या जुन्या बायोबॉलवर (जिवाणू वाढावेत म्हणून ठेवलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यांवर) गाळ बसून ते नायट्रेटचा कारखाना झालेले असतात, पण जिवाणूही तिथेच असतात. म्हणून तेही आठवड्याला पाव हिस्सा या बेताने काढावेत. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धरला, तर क्लोरीनने बरेच जिवाणू मरतात व अमोनिया पुन्हा साचू लागतो.

यंत्रे व वीज

फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या स्किमरची मान फेसाने बरबटली की फेस वर चढत नाही. ती दर आठवड्याला पुसावी. सम्पमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, त्याचा इम्पेलर (आतला पंखा) व स्किमरच्या हवेच्या नळीत चुनखडीचा थर बसतो. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्त्व घालून त्यात ते तासभर चालवले की थर सुटतो. मग साध्या पाण्याने दोनदा धुवावेत. पंप बंद करून एकदा पाहावेच : मागे ओढले जाणारे पाणी सम्पमध्ये मावते का? रिटर्नच्या नळीतले सायफन तोडणारे भोक शेवाळाने बुजलेले असेल, तर वीज गेल्या रात्री पाणी कार्पेटवर येते.

पाणी थंड करणारा चिलर २६ अंशांवर ठेवावा. त्याची जाळी धुळीने भरणे आणि तो बंद कपाटात स्वतःचीच गरम हवा ओढणे हे नेहमीचे बिघाड. एप्रिल-मे महिन्यांत एसीविना गेलेल्या शनिवार-रविवारी पाणी ३१–३२ अंशांवर जाते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि सोमवारी सकाळी मेलेले मासे दिसतात. सर्व जोडण्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या खटक्यावर) घ्याव्यात, ओघळलेले पाणी प्लगमध्ये जाऊ नये म्हणून वायरींना प्लगखाली झोळ ठेवावा आणि एक एअरपंप बॅटरीवर असावा.

शेवाळ व एप्टेशिया

स्वागतकक्षात दिवे चौदा तास जळतात. टायमरने ते आठ तासांवर आणले आणि फॉस्फेट उतरले, की केसाळ शेवाळ स्वतःहून हटू लागते. हाताने उपटणेही लागतेच. लालसर जांभळ्या सायनोबॅक्टेरियाची साय नळीने ओढून घ्यावी. एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल खरवडले, तर प्रत्येक तुकड्याचे नवे फूल होते. दाट कालवलेला चुना सिरिंजने त्याच्या तोंडाशी सोडावा, एका दिवशी चार-पाच ठिकाणीच, कारण चुना पीएच चढवतो.

नवे मासे आणि कायदा

सलग चार ते सहा आठवडे अमोनिया व नायट्राइट शून्य राहिल्याशिवाय नवा मासा आणू नये. आणल्यावर चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा सागरी रोग बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर येतो व सर्जनमाशांना आधी धरतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांच्या बंदिस्त पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. पैदाशीचे मासे मिळत असतील तर तेच घ्यावेत, ते तयार खाद्य लगेच धरतात.

भारतात ही टाकी मुख्यतः माशांचीच असावी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळ बांधणारे कठीण कोरल, समुद्रघोडे, समुद्रकाकडी व काही महाशिंपले आहेत. ते बाळगणे व विकणे गुन्हा आहे. जुन्या टाकीत असे काही आढळले, तर ते हलवू वा विकू नये, ग्राहकाला लेखी कळवावे व वनविभागाचा सल्ला घ्यावा.

पुढील निगा

सावरलेल्या टाकीला आठवड्याला एक भेट व १० टक्के पाणी बदल पुरतो. करारात मीठ, रेझिन व चाचणी संच यांचा खर्च वेगळा लिहावा आणि प्रत्येक भेटीचे आकडे कपाटातल्या वहीत नोंदवावेत. खाद्य एकाच व्यक्तीच्या हाती द्यावे, तेही दिवसागणिक पुड्या बांधून. पेस्ट कंट्रोलच्या फवाऱ्यातील पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी असतात : फवारणीआधी एअरपंप बंद करावा, टाकी प्लास्टिकने झाकावी आणि दालन हवेशीर झाल्यावरच उघडावी. दिवाळीच्या सुट्टीत धष्टपुष्ट मासे चार-पाच दिवस उपाशी राहू शकतात, वीज मात्र सतत चालू असावी लागते. म्हणून टाकीच्या एमसीबीवर ‘बंद करू नये’ अशी मराठी व हिंदी चिठ्ठी चिकटवावी आणि सुट्टीपूर्वी वॉचमनला तो खटका हात लावून दाखवावा.