स्वाधार योजना: कुणाला, किती, आणि अर्ज नेमका कुठे अडकतो

वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही म्हणून शिक्षण सोडायची वेळ येऊ नये, यासाठी सामाजिक न्याय विभागाने जानेवारी 2017 च्या शासन निर्णयाने भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या जेवणाराहण्याचा खर्च थेट त्यांच्या खात्यात जमा होतो. कॉलेजची फी यात धरलेली नाही. तिच्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा वेगळा अर्ज भरायचा. दोन्ही एकच समजून एकच अर्ज भरणारे दरवर्षी सापडतात.

मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथे वर्षाला 60,000 रुपये मिळतात: भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. इतर महापालिका क्षेत्रांत 51,000 आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. त्याशिवाय शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय-अभियांत्रिकीला 5,000, इतरांना 2,000. निवासाचे 20,000 दहा महिन्यांवर पसरले तर महिन्याला दोन हजार पडतात. पुण्यात तेवढ्यात कॉट बेसिसवर खाट मिळणंही कठीण, त्यामुळे भाड्याचा काही भाग घरूनच घालावा लागणार हे धरून चाला. शिवाय रक्कम दरमहा येत नाही. निधी आला की हप्त्याने जमा होते, म्हणून निदान पहिल्या सत्राची तजवीज स्वतःची हवी.

पात्रता अशी: विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आधीच्या परीक्षेत किमान 50 टक्के गुण (दिव्यांगांना 40), आणि प्रवेश अकरावी, बारावी किंवा त्यापुढच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला. कॉलेज ज्या शहरात आहे तिथला तो स्थानिक नसावा. मामाकडे राहून शिकणाऱ्याचं आधार मामाच्या पत्त्यावर करून घेतलं असेल, तर तो कागदावर स्थानिक ठरतो आणि अर्ज तिथेच बाद होतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांवरचा पत्ता आधी तपासा.

शासकीय वसतिगृहासाठी पात्र असूनही प्रवेश न मिळालेल्यांसाठीच ही योजना आहे. त्यामुळे वसतिगृहाचा अर्ज न भरता थेट स्वाधार मागता येत नाही. अर्ज विभागाच्या वसतिगृह पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. छाननी होते ती कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात. गावाकडच्या जिल्ह्यात हेलपाटे घालून काही उपयोग नाही.

कागदपत्रांत जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधार, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, चालू वर्षाचं बोनाफाइड आणि पासबुकाचं पहिलं पान. विवाहित विद्यार्थिनीला पतीच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर खाली वैधतेची तारीख असते, बहुतेक वेळा 31 मार्च. गेल्या वर्षीचा दाखला जोडला की त्रुटी निघालीच.

यात सगळ्यात घोळ होतो तो कॉलेजच्या शहरात भाड्याने राहत असल्याच्या पुराव्याचा. घरमालक भाडेकरार करून द्यायला कां-कूं करतात. खोली घेण्याआधीच हे बोलून घ्या. करारात विद्यार्थ्याचं नाव, खोलीचा पूर्ण पत्ता, महिन्याचं भाडं आणि कालावधी हवा. चौघे मिळून राहत असतील तर चौघांचीही नावं हवीत, एकाच्या नावावर करार असेल तर उरलेल्या तिघांकडे दाखवायला काही राहत नाही. खाणावळीच्या पावत्याही तारीख-सहीसह जपून ठेवा. स्थानिक नसल्याचं आणि दुसरीकडे कुठे वसतिगृहात प्रवेश घेतला नसल्याचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा कुणी 500 चा स्टॅम्प आणायला सांगितलं तर आधी कार्यालयात विचारा.

मंजुरी येऊनही पैसे येत नाहीत, तेव्हा बहुधा दोष बँक खात्यात असतो. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी रकमेसाठी ते सीड झालेलं असणं, म्हणजे आधारवर येणारे पैसे घ्यायला तेच खातं नोंदलेलं असणं, वेगळं. रक्कम सीड झालेल्या खात्यातच पडते, मग तुम्ही अर्जात कुठलंही पासबुक जोडा. माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा: तिथे दिसणारी बँक आणि अर्जातली बँक एकच हवी. खातं 'स्मॉल अकाउंट' (पूर्ण केवायसी न करता उघडलेलं) असेल तर शिल्लक 50,000 च्या वर जाऊ शकत नाही, आणि हप्त्याने ती ओलांडली जात असेल तर तो तिथे अडतो. पूर्ण केवायसी करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

पुढच्या वर्षी लाभ चालू राहायचा तर आधीचं वर्ष उत्तीर्ण आणि हजेरी 75 टक्के लागते. हजेरीचं प्रमाणपत्र सत्र संपताच कॉलेजातून घ्या, सुट्ट्या लागल्या की सहीला माणूस सापडत नाही.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. त्यांनी स्वाधारमध्ये अर्ज भरू नये, तो फेटाळला जातो आणि तोवर त्यांच्या योजनेची मुदत निघून गेलेली असते.